मागची काच आणि जावयाचा मान

"सावकाश, जावईबापू. घाई न्हाई कसली. पुढनं सुरू करा आन् तीन येढं घाला," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कोहळ्यावरचा कापूर पेटवला.

कोहळा सहा किलोंचा तरी असेल. तो मी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि नाकासमोर कापराची ज्योत नाचत होती. पुढ्यात अण्णांची नवी गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, जर्मन, लांबलचक. तासगावच्या त्या गल्लीत ती आत घ्यायची म्हणून दोन घरांच्या पायऱ्यांवरच्या कुंड्या उचलाव्या लागल्या होत्या. अण्णा म्हणजे माझे सासरे, हणमंतराव जमदाडे, बेदाण्याचे व्यापारी. तीस वर्षं त्यांनी एकाच जीपमधून बेदाणा आणि नातेवाईक वाहिले आणि साठाव्या वर्षी, धनत्रयोदशीचा मुहूर्त धरून, ही गाडी दारात आणली. तिची दृष्ट काढायचा मान माझा होता, कारण माझा पहिलाच दिवाळसण होता.

दोन वेढे झकास झाले. शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे होते. सासूबाई ताम्हण घेऊन तयार होत्या आणि माझी बायको, वैजयंता, 'नीट धरा हं' असं डोळ्यांनीच सांगत होती. तिसऱ्या वेढ्याला मी गाडीच्या मागे पोचलो आणि गल्लीच्या तोंडाकडून वाऱ्याची झुळूक आली. ज्योत आडवी होऊन माझ्या अंगठ्याला लागली. मी हात झटकला. माणूस हात झटकतो तेव्हा हातात काय आहे याचा विचार करत नाही. कोहळा उडाला आणि थेट मागच्या काचेवर उतरला.

आवाज फार मोठा झाला नाही. फसकन झालं आणि अख्खी काच खडीसाखरेसारखी दाणे दाणे होऊन मागच्या सीटवर ओघळली. तिच्यामागोमाग कोहळाही आत गेला आणि सीटच्या मधोमध पाहुण्यासारखा बसला. त्याला साधा ओरखडा नव्हता. कापूर तर अजून जळत होता. सासूबाईंनी पुढे होऊन ताम्हणातलं पाणी त्याच्यावर ओतलं, तेवढं एक त्या गडबडीत कुणाला तरी सुचलं.

मी बार्शीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. दिवसभर काचेतच वावर. सहा वर्षांत माझ्या हातून एक परीक्षानळी फुटली नव्हती, आणि फुटायची ती नेमकी ही काच फुटली.

सगळ्या गल्लीने अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला, छाती फुगली, तोंड उघडलं. आता येतंय, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जावई हायती."

अण्णांचं तोंड मिटलं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, तो नाकाने बाहेर सोडला आणि जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाले, "बरंच झालं की. इडापिडा गेली सगळी." मग माझ्याकडे वळून, "अंगठ्याला भाजलं का बघा आधी जावईबापूंच्या. तूप लावा कुणीतरी."

आणि खिशातून अडकित्ता काढून ते सुपारी कातरायला लागले.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. तरी ती कातरलेली सुपारी मला अजून दिसते, कारण पुढचे पाच दिवस ती मी रोज बघत होतो. अण्णांना राग आला की ते सुपारी कातरतात, हे मला वैजयंतानेच सांगितलं होतं. भाऊबीजेपर्यंत घरातली दोन डबडी भरली आणि सासूबाईंनी तिसरं शोधून ठेवलं.

घरात त्या काचेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फोन करायचे तेही अण्णा मागच्या दारी जाऊन करत. पुण्याच्या शोरूमवाल्याने पंधरा दिवस लागतील म्हणून सांगितलं होतं. मग कोल्हापूरच्या एका काचवाल्याने मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत घालून मागवतो, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी या, असा शब्द दिला. हे सगळं मला भिंतीआडून कळलं. समोर आले की अण्णा मला फक्त एवढंच विचारायचे, की झोप लागली का, आणि चकली कडक तर नाही ना झाली.

गाडी अंगणात उभी होती. मागच्या खिडकीला बेदाण्याच्या पेटीत घालतात तो निळा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. फराळाला येणारा प्रत्येक माणूस आधी गाडीपाशी थांबायचा आणि मग घरात येऊन विचारायचा. गल्लीला खरं माहीत होतं, पण गल्लीनेही जावयाचा मान राखला. बाहेरून येणाऱ्यांसाठी सासूबाईंनी एक माकड शोधून काढलं. माकडाने आंब्यावरून उडी मारली म्हणे. दुसऱ्या दिवशी ते वानर झालं. पाडव्याला मिरजेहून अण्णांचे व्यापारी मित्र आले तेव्हा त्या वानराबरोबर त्याची मादी आणि दोन पिल्लंही होती. मी शेजारी पाटावर बसून करंज्या खात होतो. "यंदा लईच सुळसुळाट झालाय वानरांचा," असं अण्णा म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? सासुरवाडीत एवढी महागाची काच फोडावी आणि वर करंजी मिळावी, यापरतं भाग्य कुठलं? पण मला ती करंजी गोड लागत नव्हती.

त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी दोन वर्षांचा असताना माझे वडील गेले आणि आई मला घेऊन माहेरी आली. मी मामांकडे वाढलो. मामा-मामी दोघंही देवमाणसं. त्यांनी त्यांच्या पोरांना झोडपून काढलं, पण मला कधी बोट लावलं नाही. आम्ही चौघांनी मिळून शेजाऱ्याच्या विहिरीत त्याचा रेडिओ टाकला तेव्हा तिघांना चिंचेच्या फोकाचा मार मिळाला आणि मला गूळ-शेंगदाणे. बिनबापाचं पोर, त्याला काय बोलायचं. तिघं पाठ चोळत एका अंथरुणात झोपले आणि मी गूळ खात वेगळा बसलो. त्या घरात मी वीस वर्षं राहिलो आणि वीस वर्षं पाहुणाच राहिलो. लग्न ठरलं तेव्हा मला बायकोइतकाच सासऱ्याचा आनंद झाला होता, हे मी वैजयंतालाही सांगितलं नव्हतं.

आणि सासरा मिळाला तो असा. नरकचतुर्दशीला वैजयंता बंबावर पाणी ठेवून विसरली आणि बंब कोरडा पडून तापला. अण्णा तिच्यावर असे कडाडले की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "डोकं कुठं ठिवलंयस? बार्शीला का?" असं काय काय. दहा मिनिटांनी बघतो तर अण्णा परसातला पहिला पेरू कापून तिला मीठ लावून भरवत होते आणि ती फुरंगटून खात होती. मी दारात उभा राहून ते बघितलं. मला बायकोचा असा हेवा आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

रात्री मी तिला म्हणालो, "अण्णा मला एकदा रागावले असते तर बरं झालं असतं."

"वेड लागलंय का?" ती म्हणाली. "जावयाला कोण रागावतं? या घरात तुम्ही म्हातारे झालात तरी अण्णा तुम्हाला शब्दाने दुखावणार नाहीत."

ती मला धीर द्यायला सांगत होती. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा छान लागली म्हणून सांगितलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच कोल्हापूरला निघालो. अण्णा मला नकोच म्हणत होते, कशाला दगदग तुम्हाला. पण मी हट्टाला पेटलो. मनात म्हटलं, सत्तर किलोमीटर जाताना आणि सत्तर येताना, बंद गाडीत माणूस किती वेळ सभ्य राहील? मागचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडत होता आणि त्या आवाजात बोलता येत नव्हतं. जयसिंगपूरजवळ मी धीर करून ओरडलो, "अण्णा, काच माझ्यामुळे फुटली." अण्णाही ओरडून म्हणाले, "छे छे, वारं सुटलं त्याला तुम्ही काय करणार?" तिथे विषय संपला.

काचवाल्याचं दुकान उद्यमनगरात होतं. मालक इलाहीभाई तांबोळी, पन्नाशीचे, बारीक अंगाचे, आणि कामाच्या बाबतीत कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारे. काच आलेली होती, पोत्यांत आणि गादीत गुंडाळून. त्यांनी आधी गाडीतले काचेचे दाणे ओढून घेतले, चौकटीवरचा जुना डिंक पात्याने खरवडला, मग बंदुकीसारख्या यंत्रातून काळ्याभोर डिंकाची एकसारखी वळी चौकटीभर ओढली. मी भान हरपून बघत होतो. माझ्या कामातली माणसं हात बघितला की ओळखू येतात. काच उचलायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरा."

मी चटकन पुढे झालो. अण्णा माझ्या आधी उठले. "तुम्ही बसा, जावईबापू. कापडं खराब होतील," असं म्हणून साठीचे अण्णा धोतराचा सोगा खोचून काचेला भिडले आणि मी खुर्चीवर बसून चहा प्यायलो.

काच बसली. इलाहीभाईंनी तिला चारी बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या, आतल्या वायरी जोडल्या आणि आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं, "मालक, डिंक वला हाय. चार तास गाडी हलवायची न्हाई. नंतर न्या, पन दमानं. आन् दोन गोष्टी उद्या सकाळपतुर पाळायच्या. एक, पुढची एक काच दोन बोटं खाली ठिवायची. दोन, दार आपटायचं न्हाई. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा कुठनं जानार? ती मागची काच ढकलती. समजलं न्हवं?"

आम्ही दोघांनीही समजलं म्हणून सांगितलं. चार तास आम्ही तिथल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. अण्णांनी मला मिसळ खाऊ घातली, मग केळी, मग सोडा. इलाहीभाईंनी निघताना पुन्हा तेच दोन नियम सांगितले. गाडीत बसल्यावर खिडकीतून वाकून तिसऱ्यांदा सांगितले.

हातकणंगल्याच्या अलीकडे अण्णांना चहाची तलफ आली. अंगणातून निघाल्यापासून मी काहीतरी करायला मिळतं का हेच बघत होतो, तेव्हा म्हटलं, मी आणतो. अण्णा नको नको म्हणेपर्यंत मी उतरलोही होतो. उतरताना दार मी इतकं हळुवार लावलं की ते लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं. एवढी माझी शुद्ध शाबूत होती.

मी टपरीवर उभा असताना उसाचे चार ट्रॅक्टर ओळीने गेले आणि रस्ताभर धूळ झाली. नवी गाडी, आत धूळ नको, म्हणून अण्णांनी दोन बोटं उघडी ठेवलेली काच तेवढ्यापुरती वर घेतली. हे मला नंतर कळलं. मी दोन हातांत चहाचे दोन पेले घेऊन आलो. पेले कडेपर्यंत भरलेले, बोटं भाजत होती. कोपराने स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं आणि एक पेला अण्णांच्या हातात दिला. दुसरा गाडीच्या टपावर ठेवला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मागून पाचवा ट्रॅक्टर कर्णा वाजवत आला, दार रस्त्यात उघडं, मी घाबरलो. पेला सांभाळत बाजूला झालो आणि कुल्ल्याने दार लोटलं. अंगातल्या सगळ्या शक्तीनिशी.

धाडकन आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग मागून एक बारीक 'फट्' ऐकू आलं.

काच फुटली नव्हती. वरचा डावा कोपरा पट्टीसकट उचलला गेला होता आणि काळ्या डिंकाची तार मधे लोंबत होती. मी बाहेर पेला धरून उभा होतो. अण्णा उतरले. मागे गेले. कोपरा बघितला. मग खिशात हात घातला, आणि खिशात अडकित्ता नव्हता. तो दुकानातल्या बाकावर राहिला होता.

"सोपान्या," अण्णा म्हणाले.

माझं नाव सोपान. पण या नावाने मला जन्मात कुणी हाक मारली नव्हती.

"आरं, तुला काय सुद्द हाय का न्हाई? तीन येळा सांगितलं त्या मान्सानं, तीन येळा. कानात बेदानं घालून बसला हुतास व्हय? आरं, हात हायती का सुपं? पयल्या दिवशी भोपळ्यासारका कव्हाळा हाणलास, म्या काय बोललो? पाच दिस माकडाचं नाव सांगत फिरतोय म्या, पाच दिस. लोकं माकडाची चौकशी करत्यात माज्याकडं. आरं, माकाड परवडलं त्यापरीस, त्ये निदान दार तरी लावत न्हाई. आन् शिकलेला मानूस म्हनं. पोरीला म्हनलं, काचेच्या कामातला मानूस हाय, नाजूक हाताचा हाय. हे नाजूक?"

ते पाच मिनिटं बोलले. टपरीवाला स्टोव्ह बारीक करून ऐकायला लागला. माझ्या बार्शीचा, माझ्या कॉलेजचा, मला नोकरी देणाऱ्याचा उद्धार झाला. मी हातात पेला धरून उभा होतो आणि खरं सांगतो, पोटात इतकं गार वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. आणखी बोला, असं मनात म्हणत होतो.

त्या पाण्याने घोटाळा केला. अण्णांना ते दिसलं आणि ते बोलता बोलता थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. दिवाळसणाला आलेल्या जावयाला भर रस्त्यात नाही नाही ते बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चक्क हात जोडले. "चुकलं, जावईबापू. जीभ घसरली माझी. हिला कळलं तर ती अन्न सोडंल. मनावर घेऊ नका."

"अण्णा," मी म्हणालो, "हात जोडू नका. मला वडील आठवत नाहीत. आईने, मामांनी कधी आवाज चढवला नाही. तीस वर्षांचा झालो, आज पहिल्यांदा मला घरचं कुणीतरी रागावलं. आता ते परत घेऊ नका."

अण्णांनी नाक शिंकरलं आणि ते म्हणाले, "च्या पी तो. गार झाला."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून चहा प्यायलो. मग पुढची काच उघडी ठेवून, बैलगाडीच्या वेगाने पुन्हा कोल्हापूरला निघालो.

इलाहीभाई दुकान आवरत होते. दिवस मावळतीला आला होता. त्यांनी गाडी बघितली, कोपरा बघितला आणि हातातलं फडकं खाली टाकलं.

"कुनी आपटलं दार?"

"मी," अण्णा म्हणाले.

मी चमकून बघितलं. अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. इलाहीभाईंना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी अण्णांना असं फैलावर घेतलं की शेजारचा वेल्डिंगवाला काम थांबवून बघायला लागला. एवढी गाडी घ्यायची ऐपत हाय आन् दार लावायची अक्कल न्हाई, केस पांढरे कशानं झाले, लहान पोराला एकदा सांगितलं तरी कळतं. तासगावच्या बाजारात ज्यांच्यापुढे दलाल मान वर करत नसत ते हणमंतराव जमदाडे मान खाली घालून ते सगळं ऐकत होते. "चुकलं भाऊ," ते म्हणाले. "हातानं जोर झाला."

मला ते बघवेना. मी पुढे झालो. "अहो इलाहीभाई, खरं म्हणजे दार यांनी नाही..."

अण्णांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"तू गप बस," ते म्हणाले. "आन् तिकडनं काच धर."

मी बाह्या वर सारल्या आणि काच धरली.